बाळ सांभाळणाऱ्या ताईंचा पगार आणि कर

मुंबईत बाळ सांभाळायला घरी ताई ठेवल्या की पगारातून काय कापायचे, हा प्रश्न येतोच. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा साधारणपणे 20 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होत असल्याने घरातल्या एका नोकरीसाठी ती कपात नसते. आयकराचे म्हणाल, तर 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर उरत नाही, त्यामुळे एरवीच्या पगारावर उद्गम करकपात (टीडीएस, म्हणजे पगार देतानाच आयकर कापणे) करण्याची वेळ सहसा येत नाही.

खरे लक्ष व्यवसाय करावर (प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे पगारावरचा राज्य सरकारचा कर) हवे. महाराष्ट्रात महिलांना मासिक 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर तो माफ आहे. त्यापुढे दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाला 2,500 रुपये होतात. चोवीस तासांच्या ताईंचा पगार ही मर्यादा ओलांडत असेल, तर कामावर ठेवण्यापूर्वीच कर सल्लागाराकडून या कराच्या नोंदणीचे विचारून घ्यावे आणि ताईंनाही कपातीची स्पष्ट कल्पना द्यावी.

पगार बँकेतून द्यावा आणि साधी वही ठेवावी: ‘जून, पगार 18,000, उचल वजा 2,000, दिले 16,000’. उचल आणि दिवाळीचा बोनस वेगळ्या ओळीत लिहावा, नाहीतर वर्षअखेरीस हिशेबावरून कुरबुर होते.

महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळातील नोंदणीसाठी त्यांना जरूर मदत करावी, आणि त्या दिवशी रजा मांडू नये.