भुंगेरे मागवण्याआधी खोडाकडे बघा

फळबागेत पिठ्या ढेकणावर, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीवर, मित्रकीटक म्हणजे तिला खाणारे भुंगेरे सोडायचं ठरवलं असेल, तर ही तयारी. मी एकदा ती अर्धवट केली आणि पाचशे भुंगेरे मुंग्यांच्या हवाली केले, म्हणून लिहितोय. भुंगेऱ्यांबरोबर आलेल्या कागदावर मुंग्यांबद्दल एक ओळ होती. मी ती वाचली आणि पुढे गेलो. तुम्ही जाऊ नका.

आधी कीड नीट ओळखा. पांढरं, कापसासारखं दिसणारं सगळंच पिठ्या ढेकूण नसतं. पानामागची पांढरी माशी असू शकते, सफरचंदावर लोकरी मावा असू शकतो. पाठीमागे लांबट, खाचाखाचांची पांढरी अंडीपिशवी घेऊन बसलेली दिसली तर ती आयसेरिया नावाची खवले कीड, आणि तिचा भुंगेरा वेगळा, रोडोलिया. हाच तो प्रसिद्ध भुंगेरा. 1888-89 मध्ये कीटकतज्ज्ञ अल्बर्ट कोबेले यांनी तो ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात पाठवला. पहिल्या खेपांचे मिळून 129 भुंगेरे होते, आणि तेवढ्यांच्या वंशावळीने संत्र्याच्या बागा वाचवल्या. ही गोष्ट ऐकली की आपल्यालाही वाटतं, सोडले की झालं. नाही होत. पिठ्या ढेकणासाठी लागतो तो क्रिप्टोलेमस. तोही मूळचा ऑस्ट्रेलियाचाच आणि त्याच कोबेल्यांनी 1891-92 मध्ये कॅलिफोर्नियात नेलेला. भारतात तो 1898 मध्ये आला, कॉफीवरच्या खवले किडीसाठी. तिथे त्याने फारसं काही केलं नाही, नंतर नाव काढलं ते पिठ्या ढेकणावर. कीड ओळखायला भिंग दहापट वाढवून दाखवणारं घ्या, त्याहून मोठ्याची गरज नाही.

फवारणी बंद. किमान महिनाभर आधीपासून. इमिडाक्लोप्रिड, क्लोरपायरिफॉस आणि सगळी सिंथेटिक पायरेथ्रॉइड्स भुंगेऱ्यांना मारतात, काहींचा अंश पानांवर आठवडेच्या आठवडे टिकतो. कात टाकण्यात अडथळा आणणारी औषधं, म्हणजे बुप्रोफेझिन किंवा पायरिप्रॉक्सिफेन, प्रौढ भुंगेऱ्याला लगेच मारत नाहीत, म्हणून ती ‘मित्रकीटकांना सुरक्षित’ समजून फवारली जातात. पण भुंगेऱ्याची अळीसुद्धा कात टाकूनच वाढते, हे सांगायला हवं का? गंधकाची भुकटीही नको. शेजारच्या बागेत फवारणी कधी आहे ते आधी विचारून ठेवा. वाऱ्याला बांध कळत नाही.

आता मुंग्या.

पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतो. त्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनं अगदी थोडी, त्यामुळे पोट भरण्यापुरती प्रथिनं मिळवायला त्याला रस ढोसावा लागतो आणि जास्तीची साखर चिकट गोड थेंबांच्या रूपात बाहेर टाकावी लागते. पानं-फळं चिकट होतात ती यानेच, आणि त्यावर काळी बुरशी चढते तीही यानेच. मुंग्यांना हे गोड पाणी म्हणजे रोजचं दूध, आणि पिठ्या म्हणजे त्यांची दुभती जनावरं. ती राखायला त्या चोवीस तास झाडावर असतात. आपण आणलेला भुंगेरा त्यांच्या लेखी गोठ्यात शिरलेला लांडगा. पाय धरतात, चावतात, फांदीवरून ढकलून देतात, आणि मादी अंडी घालायला टेकली की तिला उठवतात. क्रिप्टोलेमसची अळी थोडीफार निभावते, कारण तिच्या अंगावर मेणाची जाड झूल असते. पण अळी होण्यासाठी अंडं लागतं, आणि अंडं घालणारी मादी उघडीच असते. किडीच्या अंगात अंडी घालणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्यांचं तर विचारूच नका. लेप्टोमॅस्टिक्ससारख्या इवल्या माशीला ढेकणावर बसून अंडं टोचायला निवांत वेळ लागतो, आणि मुंग्या नेमका तोच देत नाहीत.

मला हे कसं कळलं ते सांगतो. सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलो तर भुंगेरे जवळजवळ दिसेनात. तिसऱ्या दिवशी एकही नाही. भुंगेरे खराब आले असतील, असं म्हणून मी पाठवणाऱ्याशी भांडलो. पंधरा दिवसांनी एका झाडावर मात्र काम चाललेलं दिसलं. ते झाड ठिबकच्या गळक्या सांध्याशेजारी होतं. आळ्यात कायम पाणी साचलेलं, आणि खोडावर एकही मुंगी नाही. बाकीच्या प्रत्येक खोडावर वर-खाली रांग. मग पाठवणाऱ्याला फोन करून माफी मागितली.

तेव्हा भुंगेरे मागवायच्या तीन आठवडे आधी मुंग्यांचं काम सुरू करा. हो, तीन आठवडे. दोन दिवस आधी खोडाला मुंग्या अडवणारी चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही, कारण आधीच वर असलेल्या मुंग्या वरच अडकतात आणि त्याच भुंगेरे हाकलतात.

पहिलं काम, रस्ते मोजणं. मुंगी फक्त खोडावरून चढते असं समजू नका. जमिनीला टेकलेली फांदी हा रस्ता. उंच गवत पानांना लागलं की तो रस्ता. फांदीला दिलेला टेकू, रोपाची काठी, ठिबकची वर बांधलेली नळी, शेजारच्या झाडात घुसलेली फांदी, सगळे रस्तेच. खालच्या फांद्या गुडघ्याच्या वर येतील इतक्या छाटा, खोडाभोवतीचं गवत काढा. द्राक्षासारख्या तारांवरच्या वेलींत एका खोडाला पट्टी लावून काहीच साधत नाही, मुंग्या तारेवरून पुढच्या वेलीवर जातात. तिथे भर आमिषावर द्या.

आमिष म्हणजे एक लिटर पाण्यात पाव किलो साखर आणि 5 ते 10 ग्रॅम बोरिक ऍसिड. याहून जास्त टाकू नका. मी दुसऱ्या खेपेला उत्साहात चौपट टाकलं होतं. मुंग्या डब्याशीच मेल्या, नाहीतर फिरकल्याच नाहीत, आणि वारुळातली राणी मजेत राहिली. विष इतकं सौम्य हवं की कामकरी मुंगीने ते पोटात घेऊन घरी जावं, बाकीच्यांना भरवावं, राणीपर्यंत पोचवावं. म्हणूनच वेळ लागतो, म्हणूनच तीन आठवडे. डब्याचं झाकण बंद आणि भोकं मुंगी जाईल एवढीच बारीक ठेवा, नाहीतर मधमाश्या पितील. लहान मुलं आणि कुत्री पोचणार नाहीत अशा जागी डबे ठेवा. काही जातींच्या मुंग्यांना गोडापेक्षा तेलकट आवडतं. आदल्या दिवशी एका कागदावर साखरपाणी, दुसऱ्यावर शेंगदाण्याचा कूट ठेवून बघा, गर्दी कुठे होते ते दिसेल. कुटावर झाली तर साखरेचं हे आमिष चालायचं नाही, सगळी मदार पट्टीवर.

चिकटपट्टी थेट सालीवर फासू नका. ग्रीस तर मुळीच नाही, साल भाजल्यासारखी होते. आधी सालीच्या भेगा ओल्या मातीने लिंपून घ्या, नाहीतर मुंग्या पट्टीच्या खालून भुयारातून गेल्यासारख्या जातात. त्यावर वीतभर रुंद प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळा आणि चिकट लेप त्या कागदावर लावा. टेकूला आणि काठीलाही हीच पट्टी. हे मी पुन्हा सांगतोय, कारण दुसऱ्या वेळी सगळ्या खोडांना पट्टी लावून मी टेकू विसरलो होतो. बांबूच्या टेकूवरून रांग अशी चालली होती की जणू तो त्यांच्यासाठीच रोवला होता.

एक अवांतर. मुंगी दर वेळी शत्रूच असते असं नाही. चीनमध्ये संत्रावर्गीय झाडांवर झाडावरच्या लाल मुंग्यांची, म्हणजे ओंबिलांची, घरटी मुद्दाम आणून ठेवण्याची आणि झाडाझाडांत बांबूचे पूल बांधण्याची रीत शेकडो वर्षं जुनी आहे. वास मारणाऱ्या ढेकण्या (पिठ्याहून वेगळ्या) आणि अळ्या खायला त्या उत्तम. पण पिठ्या ढेकूणही त्या तितक्याच प्रेमाने पाळतात. तुमचा त्रास पिठ्याचा असेल तर हे प्रेम परवडत नाही.

मुंग्या हटल्या की नाही ते कसं कळेल? सकाळी दहा झाडं निवडून प्रत्येक खोडापाशी मिनिटभर उभं राहा. वर जाणारी रांग दिसली तर भुंगेरे मागवू नका. दोन-चार भटक्या मुंग्या चालतील, रांग चालणार नाही. मागणी नोंदवून ठेवली असेल तर पुढे ढकला. भुंगेरे येतायत म्हणून घाईघाईत सोडणं, हीच माझी पहिली चूक होती.

आता मागणी. कीड जिथे नीट बसली आहे त्या झाडांना रंगीत चिंध्या बांधून ठेवा म्हणजे सोडताना शोधाशोध नको. क्रिप्टोलेमसला भरगच्च वस्ती लागते. मादी पिठ्याच्या कापसासारख्या अंडीपुंजात अंडी घालते, पुंजच नसतील तर ती उडून जाते. तुरळक ढेकूण असतील तर हा भुंगेरा वाया घालवू नका. लिंबूवर्गीय झाडावरचा नेहमीचा पिठ्या असेल तर लेप्टोमॅस्टिक्स बरी, ती कमी किडीतही शोधून काढते. किडीने भरलेल्या झाडामागे दहा भुंगेरे हा साधारण ठोकताळा. हवाही बघा. 22 ते 28 अंशांत तो जोमात असतो, 33 च्या वर सुस्तावतो, थंडीत 16 च्या खालीही मंदावतो. किडका शेंडा फारच बुजबुजला असेल तर थोडा छाटून टाका, पण सगळी कीड धुऊन काढू नका. पाहुण्यांना जेवायला काय वाढणार?

रस्त्याकडेच्या झाडांवर धूळ असेल तर आठवडाभर आधी पाण्याने धुवा. धुळीत भुंगेरेही नीट चालत नाहीत, परोपजीवी तर नाहीच नाही.

ज्या दिवशी येतील त्याच दिवशी सोडा. डबा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, फ्रिजमध्ये गारठवूही नका. आल्याआल्या उघडून बघा. चार मिलिमीटरचे, काळपट पंखांचे, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. मेलेले मोजा, म्हणजे नंतर भांडायचं झालंच तर खऱ्या आकड्यावर भांडता येईल. सोडायचे ते संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. दुपारी सोडलेले उडून जातात. चिंधी बांधलेल्या झाडावर, किडीच्या अगदी जवळ, डबा हळूच टिचकी मारत रिकामा करा. आणि सोडायच्या आधी त्या झाडाच्या खोडाकडे शेवटचं बघा. रांग आहे? मग पुढच्या झाडाकडे चला.

आणखी एक गोष्ट मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. या भुंगेऱ्याची अळी हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या, लांबी सव्वा सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे पिठ्याच्या दुप्पट-तिप्पट. त्या गळक्या सांध्याजवळच्या झाडावर मी असे जाडजूड ‘पिठ्या’ बोटाने चिरडले आहेत. ओळख सोपी आहे. काडीने डिवचा. ढेकूण हलतो न हलतो, अळी लगबगीने चालायला लागते.

पुढचं पटापट. दहा-पंधरा दिवसांनी अंडीपुंजांत अळ्या शोधा, भुंगेरे दिसले नाहीत तरी अळ्या असतील तर काम चालू आहे. खोडावर किंवा जाड फांदीवर नालीदार पुठ्ठ्याची पट्टी बांधली तर अळ्या तिच्या आडोशाला कोष करतात आणि मोजायला सोपं जातं. ऊबदार हवेत अंड्यापासून भुंगेरा व्हायला साधारण महिना. कीड उतरली की भुंगेरेही कमी होतील, घाबरू नका, ते जेवण संपल्यावर गेले. या काळात दुसऱ्या किडीसाठी फवारणीचा मोह झाला तर हात मागे बांधा. अगदीच गरज पडली तर फक्त त्या झाडापुरती. आमिषाचे डबे आठवड्याला भरा. पावसानंतर, वावटळीनंतर पट्ट्यांवर धूळ आणि पालापाचोळा चिकटतो, मेलेल्या मुंग्यांचा साकव तयार होतो, आणि मागच्या त्याच्यावरून चालतात. दर आठवड्याला प्रत्येक पट्टीला बोट लावून बघा. बोट चिकटलं नाही तर लेप नवा. टेकूच्या पट्टीलाही.