केमिकल इंजिनिअरिंगचं प्राध्यापकपद: कोकणात राहून करायचा उलटा हिशेब

प्रोफेसर पदाच्या अटी आधी वाचा, मग मागे मागे येत आज काय करायचं ते ठरवा. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईच्या २०१९ च्या नियमांनुसार पीएचडी हवी, पदवी किंवा पदव्युत्तर यांपैकी एका ठिकाणी प्रथम श्रेणी हवी, अध्यापन, संशोधन आणि उद्योग मिळून किमान १० वर्षांचा अनुभव हवा आणि त्यातली ३ वर्षं असोसिएट प्रोफेसरच्या, म्हणजे प्रोफेसरच्या खालच्या पायरीच्या, बरोबरीच्या पदावरची हवीत. शिवाय असोसिएट असताना मान्यताप्राप्त जर्नलमध्ये ६ शोधनिबंध आणि तोपर्यंत मार्गदर्शक किंवा सह-मार्गदर्शक म्हणून २ विद्यार्थ्यांची पीएचडी पूर्ण झालेली. विद्यार्थी नसतील तर १० शोधनिबंध.

अनुभवाची वर्षं नोकरीत टिकून राहिलं की भरतात. घोडं अडतं ते दोन विद्यार्थ्यांवर. नियमाने पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. नोकरी करत करणारा विद्यार्थी बहुधा पाचव्या-सहाव्या वर्षात प्रबंध देतो. म्हणजे असोसिएट झाल्यावर पहिला विद्यार्थी घेतला तर पुढची बढती सहा-सात वर्षं लांबते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडी आणि ३ शोधनिबंध असलेला असिस्टंट प्रोफेसरही मार्गदर्शक होऊ शकतो आणि एका वेळी ४ विद्यार्थी घेऊ शकतो. हे अनेक तरुण शिक्षकांना ठाऊकच नसतं. आपल्या कॉलेजला संशोधन केंद्राची मान्यता नसेल, आणि कोकणातल्या बऱ्याच कॉलेजांत ती नसते, तर लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या किंवा मुंबईच्या मार्गदर्शकाबरोबर सह-मार्गदर्शक म्हणून नाव लावून घ्या. नाव विद्यापीठाच्या पत्रात असलं पाहिजे. तोंडी मदतीला कागदावर किंमत नाही.

केमिकल इंजिनिअरिंगमधले नामवंत मनमोहन शर्मा केंब्रिजहून पीएचडी करून १९६४ मध्ये माटुंग्याच्या यूडीसीटीत (आजच्या आयसीटीत) आले ते वयाच्या २७ व्या वर्षी थेट प्रोफेसर म्हणून. आजच्या नियमांत ते बसत नाही, म्हणून हिशेब मांडावाच लागतो.

गेट आणि एमटेक

बीटेकच्या तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात गेटची, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी सुरू करा. नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, परीक्षा फेब्रुवारीत. ३ तास, ६५ प्रश्न, १०० गुण; त्यात १५ सामान्य क्षमतेचे, साधारण १३ गणिताचे आणि उरलेले विषयाचे. स्कोअर ३ वर्षं चालतो. उत्तर आकड्यात टाइप करायच्या प्रश्नांना उणे गुण नसतात, तरीही आपल्याकडची मुलं तिथेच मार खातात, कारण एकक. प्रश्नात दाब बारमध्ये आणि गॅस कॉन्स्टंट एसआयमध्ये, की गेलं उत्तर. सराव पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवरच करा. हातातला कॅल्क्युलेटर आत नेऊ देत नाहीत.

कोकणात राहायचं तर लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ चं, केमिकल आणि पेट्रोकेमिकल दोन्ही शाखांचं. खेड तालुक्यात लवेलला घरडा इन्स्टिट्यूट आहे, लोटे परशुरामच्या एमआयडीसीला लागून. पण एमटेक आणि पीएचडी यांपैकी निदान एक तरी बाहेर करावं, माटुंग्याच्या आयसीटीत किंवा एखाद्या आयआयटीत. मोठी उपकरणं आणि कडक परीक्षक यांची सवय तिथे लागते. गेटवर प्रवेश घेतला तर एमटेकला महिना १२,४०० रुपये मिळतात, पीएचडीला पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. घरून पैसे मागावे लागत नाहीत, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा. 'आता नोकरी कधी?' हा प्रश्न त्याने बराच सौम्य होतो.

शाखेचं नाव जपा. एमटेक पॉलिमर, फूड किंवा पर्यावरण अभियांत्रिकीत केलं तर निवड समिती 'संबंधित शाखा' मानेलच असं नाही. प्रवेश घेण्याआधी दोन-तीन कॉलेजांच्या जाहिराती काढून बघा.

मुलाखतीचं व्याख्यान

असिस्टंट प्रोफेसरसाठी इंजिनिअरिंगमध्ये नेट ही पात्रता परीक्षा लागत नाही. बीई आणि एमई, त्यांतल्या एकाला प्रथम श्रेणी, एवढं किमान पुरतं. तरी पीएचडी हातात असलेल्याचं पारडं जड असतं. शासकीय वेतनश्रेणीत सुरुवात लेव्हल १० ला, ५७,७०० मूळ वेतनावर. असोसिएटचं १,३१,४०० पासून आणि प्रोफेसरचं १,४४,२०० पासून. खाजगी विनाअनुदानित कॉलेजात हे आकडे मिळतीलच असं नाही, तेव्हा नेमणूकपत्रात श्रेणी लिहिली आहे का ते बघून मगच सही करा.

मुलाखतीला पंधरा-वीस मिनिटं शिकवून दाखवायला सांगतात. उमेदवार पीएचडीच्या स्लाइड लावतात आणि तिथेच गाडी रुळावरून उतरते. समितीला फळ्यावरचा माणूस बघायचा असतो. डिस्टिलेशन कॉलमच्या पायऱ्या आलेखावर मोजायची मॅककेब-थील पद्धत घ्या: समतोल वक्र काढा, दोन ऑपरेटिंग लाइन काढा, पायऱ्या मोजा. मग हमखास विचारतात की किमान रिफ्लक्सला (कॉलममध्ये वरून परत सोडलेला द्रव कमीत कमी असताना) पायऱ्या अनंत का होतात. तिथे ऑपरेटिंग लाइन समतोल वक्राला टेकते, त्या बिंदूपाशी बाष्प आणि द्रव यांच्यात पदार्थाची देवाणघेवाण घडवणारा फरक शून्य होतो आणि प्रत्येक पायरी आधीपेक्षा लहान होत जाते. हे बोलता बोलता खडूने काढता आलं पाहिजे.

कागदांची फाइल

पुढे सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. कॉलेज हंगामी नेमणूक देतं, विद्यापीठाची मान्यता घेत नाही, आणि आठ वर्षांनी असोसिएटचा अर्ज भरताना कळतं की त्यातली तीन वर्षं धरतच नाहीत. रुजू होताना निवड समितीचं इतिवृत्त, नेमणूकपत्र आणि विद्यापीठाचं मान्यतापत्र या तिन्हींच्या प्रती मागून घ्या. दर वर्षी फॉर्म १६ आणि पगार जमा होणाऱ्या बँक खात्याचा उतारा जपा. पावसात कागदांना बुरशी धरते, म्हणून स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा.

असोसिएटला पीएचडी, ६ शोधनिबंध आणि एकूण ८ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली २ वर्षं पीएचडीनंतरची. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत पीएचडीला लागलेला काळ अनुभवात धरत नाहीत. रजा न घेता, नोकरी करत केलेली पीएचडी मात्र धरतात. त्यासाठी संस्थेचं ना-हरकत पत्र नोंदणीच्या आधीच्या तारखेचं हवं.

शोधनिबंध कुठे छापायचा? यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे जर्नल स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या शोधनिबंध-सूचींच्या स्वतःच्या यादीत आहे का ते तुम्हीच तपासा, आणि त्या दिवसाची प्रत फाइलला लावा. चार दिवसांत स्वीकृती आणि लगेच पैशांची मागणी आली, की तिथे छापू नका. असे सहा निबंध असण्यापेक्षा धड दोन बरे.

पहिलं वर्ष: प्रयोगशाळा

असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन असतं, त्यात प्रात्यक्षिकं आलीच. पहिल्या वर्षी संशोधनाला वेळ मिळणार नाही, हे धरूनच चाला. तो वेळ प्रयोगशाळा नीट लावण्यात घालवा.

उदाहरणादाखल सगळीकडे होणारा प्रयोग घेऊ: इथाइल ॲसिटेट आणि कॉस्टिक सोडा यांची अभिक्रिया. दोन्ही ०.१ मोलर, सम प्रमाणात मिसळले की प्रत्येकी ०.०५. अभिक्रिया द्वितीय कोटीची, २५ अंशांना दरस्थिरांक सुमारे ०.११ लिटर प्रति मोल-सेकंद. म्हणजे १० मिनिटांत साधारण ७७ टक्के रूपांतर व्हायला हवं. मुलांचं उत्तर जुळत नाही, त्याची कारणं बहुधा तीनच. पहिलं, कॉस्टिकच्या गोळ्या. कोकणातल्या हवेत बाटली उघडी राहिली की त्या पाणी ओढतात, कार्बन डायऑक्साइडही घेतात, आणि वजनावरून काढलेली तीव्रता खोटी ठरते. द्रावण त्याच दिवशी ऑक्झॅलिक ॲसिडने प्रमाणित करून घ्या. दुसरं, नमुना काढून थेट टायट्रेट करणं. बुरेट सुरू असतानाही फ्लास्कमध्ये अभिक्रिया चालूच राहते. नमुना मोजलेल्या जादा हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये सोडून अभिक्रिया थांबवा आणि उरलेलं ॲसिड मागून टायट्रेट करा. तिसरं, तापमान. मे महिन्यात खोली ३२ अंशांवर असते आणि तिथे दरस्थिरांक २५ अंशांच्या सुमारे दीडपट होतो. मुलं पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहतात आणि मग वाचनं 'सुधारतात'. ते होऊ देऊ नका. थर्मामीटरचं वाचन प्रयोगवहीत लिहायला लावा आणि फरकाचं कारण त्यांनाच शोधू द्या. आकड्याशी प्रामाणिक राहायची सवय इथे लागली नाही, तर पुढे कारखान्यात ती महागात पडते.

डिस्टिलेशनच्या दिवशी वीज जाण्याची तयारी ठेवा. हीटरबरोबर पाण्याचा पंपही बंद होतो, कॉलम मात्र गरम असतो आणि कंडेन्सरमधून बाष्प बाहेर पडतं. कंडेन्सरचं पाणी छपरावरच्या टाकीतून उतारानेच द्या.

संशोधनाचा विषय दारातला घ्या

आयआयटीतल्या पीएचडीचा विषय तसाच कोकणातल्या कॉलेजात चालवायला गेलात तर उपकरणांअभावी दोन वर्षांत थांबाल. इथे माल आहे आणि प्रश्नही आहेत. लोटे, महाड आणि रोह्याच्या औद्योगिक वसाहतींचं सांडपाणी, सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या काजूच्या टरफलाचं तेल, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मासळीबरोबर येणारी कोळंबीची टरफलं, कोकमाची सालं.

काजूच्या टरफलातल्या तेलात मुख्यतः ॲनाकार्डिक ॲसिड असतं. तापवलं की कार्बन डायऑक्साइड सुटून त्याचं कार्डानॉल होतं. भराभर तापवलं तर फेसाळून भांड्याबाहेर येतं, म्हणून फ्लास्क निम्मा रिकामा ठेवा. तेल अंगावर पडलं तर फोड येतात, हातमोजे घालाच. दुसऱ्या हंगामातलं तेल वेगळ्या घडणीचं निघतं आणि जुन्या वाचनांशी काही जुळत नाही. तेव्हा पूर्ण पीएचडीला पुरेल इतकं तेल एकाच कारखान्यातून, एकाच हंगामात घेऊन बंद डब्यात ठेवा.

कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान हा पॉलिमर करताना पातळ ॲसिडने कॅल्शियम कार्बोनेट काढतात, पातळ कॉस्टिकने प्रथिनं, आणि शेवटी ४० ते ५० टक्के कॉस्टिकमध्ये तापवतात. कृती सर्वांना ठाऊक आहे. इंजिनिअरचा खरा प्रश्न पुढे आहे: धुण्याला लागणारं पाणी आणि ते तीव्र कॉस्टिक पुन्हा कसं वापरायचं. तिथे काम केलंत तर निबंधही होतो आणि कारखानदार फोनही उचलतो.

वाळवणीवर काम असेल तर दर प्रयोगाला कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरचं वाचन नोंदवा. जुलैतली २८ अंश, ९० टक्के आर्द्रतेची हवा ड्रायरमध्ये ६० अंशांवर नेली तरी तिची आर्द्रता १७ टक्क्यांच्या आसपास राहते. जानेवारीत बाहेर २५ अंश आणि ६० टक्के असेल, तर तीच साडेनऊच्या घरात येते. ही नोंद नसेल तर परीक्षक सगळी वाचनं परत करायला लावतो आणि त्याचं बरोबरच असतं.

उपकरण विकत घ्यायचा प्रस्ताव पहिल्याच वर्षी मोठा मांडू नका. आय-स्टेम पोर्टलवर देशभरच्या संस्थांतली उपकरणं दिसतात, आयआयटी मुंबईच्या सैफ या सामायिक उपकरण केंद्रात नमुने पाठवून मोजून घेता येतात. नमुना वाळवून, सिलिका जेलबरोबर हवाबंद कुपीत पाठवा. अशा मोजणीवर एक-दोन निबंध झाले की संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे जाणाऱ्या अर्जात दाखवायला स्वतःची वाचनं असतात.

कॅलेंडर मात्र कोकणाचं ठेवा. कारखान्याच्या भेटी दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत. गणपतीच्या आठवड्यात विभागात कोणी सापडणार नाही, तेव्हा दीर्घ चालणारे प्रयोग त्याआधी संपवा. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या, धिम्या वेळापत्रकावर धावते आणि घाटात दरड येऊ शकते. मुंबईतल्या मुलाखतीला किंवा मौखिक परीक्षेला आदल्या दिवशी पोहोचा, आणि आपल्या विद्यार्थ्याच्या मौखिक परीक्षेची तारीख मागताना बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला जुलैत बोलावू नका.