शैक्षणिक तंत्रज्ञान शिकताना शिक्षकाने आपली उद्दिष्टे कशी लिहावीत

शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणाऱ्या शिक्षकाने पहिल्या व्याख्यानाच्या आधीच एक काम उरकावे. या अभ्यासक्रमातून आपल्याला काय साधायचे आहे, ते वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहावे आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत ते पान फाडू नये. माझ्या पानावर ‘स्मार्ट बोर्ड रोज वापरणे’, ‘स्वतःचे पन्नास व्हिडिओ तयार करणे’ आणि ‘सर्व चाचण्या गूगल फॉर्मवर घेणे’ अशी तीन वाक्ये होती. त्यांत लाजण्यासारखे काही नाही. मात्र तिन्ही वाक्यांत विद्यार्थी कोठेच नाही, हे कळायला मला पहिले सत्र संपावे लागले.

प्रवेशाआधी एवढेच पाहावे की उद्दिष्ट कोणत्या प्रकारचे आहे. मुंबईच्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, तर आयआयटी मुंबईत याच विषयात पीएच.डी. करता येते. वर्ग सुधारायचा आहे की संशोधन करायचे आहे, हे ठरले की निवड सोपी होते.

खरी मेहनत आहे ती वाक्ये नव्याने लिहिण्यात. त्यासाठी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ साली मांडलेली कसोटी आजही पुरेशी आहे: विद्यार्थी नेमके काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितीत दाखवील आणि किती अचूकतेला पुरेसे मानायचे, या तिन्ही गोष्टी उद्दिष्टात असाव्यात. ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांक समजतील’ हे वाक्य या कसोटीवर लगेच पडते. त्याऐवजी ‘विद्यार्थी भिन्नछेद अपूर्णांकांच्या पाच बेरजांपैकी किमान चार बेरजा कोणाच्याही मदतीशिवाय सोडवील आणि एका उत्तराचे कारण तोंडी सांगेल’ असे लिहिले, की व्हिडिओ किती केले हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

साधन यानंतर निवडावे, आणि निवडताना विद्यार्थ्याची चूक समोर ठेवावी. १/२ + १/३ या बेरजेचे उत्तर अनेक मुले २/५ असे देतात, कारण ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात. अशा मुलाला नियम पुन्हा सांगून फारसा उपयोग होत नाही. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या द्याव्यात, एकीवर १/२ आणि दुसरीवर २/५ भाग रंगवायला लावावा. अर्ध्यात आणखी भर घालूनही आपले उत्तर अर्ध्यापेक्षा लहान आले आहे, हे त्याला स्वतःलाच दिसते आणि तो थबकतो. हेच काम जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवरही होते. मग पट्टी की पडदा? पहिल्या धक्क्यासाठी मी पट्टीच निवडीन. छेद झटपट बदलून दहा उदाहरणे पडताळायची असतील, तेव्हा पडद्याचा उपयोग खरा.

अभ्यासक्रमातील सिद्धान्तही असेच वापरावेत. शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली शिकवण्याच्या माध्यमांची तुलना किराणा वाहणाऱ्या गाडीशी केली होती: गाडी बदलल्याने खाणाऱ्याचे पोषण बदलत नाही. दुसरे संशोधक रॉबर्ट कोझ्मा यांना हे मान्य नव्हते आणि तो वाद पुढे बराच चालला. परीक्षेत दोन्ही बाजू लिहाव्यात; वहीत मात्र प्रत्येक उद्दिष्टातून साधनाचे नाव खोडून पाहावे आणि वाक्य तरीही उभे राहते का, ते तपासावे. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ साली मांडलेली टीपॅक ही चौकट, बी.एड.ला आशययुक्त अध्यापन पद्धती शिकलेल्यांना अर्धी ओळखीची वाटेल. आशय आणि पद्धती यांच्या जोडीला तंत्रज्ञान बसवताना तिघांचा मेळ कोठे बसत नाही, हे ती दाखवते.

साधनाला बांधलेले उद्दिष्ट साधनाबरोबरच मरते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. दूरचित्रवाणीसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी, पुण्यात १९८४ मध्ये सुरू झालेली बालचित्रवाणी ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. दूरचित्रवाणीवरील पाठ हेच ज्याचे उद्दिष्ट होते, त्याच्या हाती काय उरले असेल?

प्रबंधिकेचा विषयही याच पानातून काढावा. ‘माध्यमिक शिक्षकांचा तंत्रज्ञानाविषयीचा दृष्टिकोन’ असा ऐसपैस विषय घेऊन प्रश्नावल्या वाटत फिरण्यापेक्षा स्वतःच्या वर्गातील एकाच चुकीचा माग काढावा. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांच्यात काही आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर कालचे पाठांतर आज मोजले जाते.

माझ्या तीन वाक्यांपैकी स्मार्ट बोर्ड आणि व्हिडिओ खोडले गेले. गूगल फॉर्म राहिला, पण बदलून: दर गुरुवारी चार प्रश्न, चुकीचे पर्याय मुद्दाम नेहमीच्या चुकांवरून घेतलेले. घरी फोन नसलेल्या मुलांची उत्तरे कागदावर घेऊन मीच भरतो. २/५ हा पर्याय कोणी निवडला ते रात्री दिसते आणि शुक्रवारच्या तासाला तेवढ्याच मुलांपुढे पट्ट्या ठेवता येतात.