राउटरच्या हार्डडिस्कला प्रत्येकाचं वेगळं खातं

रावेरला आमच्या केळीच्या वखारीत राउटरला हार्डडिस्क लावून काटापावत्या ठेवतो. सगळे 'अ‍ॅडमिन'नेच शिरायचे; एकदा काट्यावरच्या पोराकडून अख्खा आठवडा डिलीट झाला. मग ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता 192.168.1.1 (काही राउटरवर 192.168.0.1) उघडून यूएसबी शेअरिंगमध्ये खाती केली. मुनीमजी लिहिणार, पोरं फक्त पाहणार. बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेश बंद. राउटरचा स्वतःचा पासवर्ड इथे वापरू नका.

खरी गोम विंडोजची. एका सर्व्हरला (इथे राउटरला) ते एका वेळी एकाच नावाने जोडतं. जुनं नाव धरून बसलं की पासवर्ड बरोबर असूनही नकार! माझी अख्खी दुपार यातच गेली. क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज नावं-पासवर्ड साठवतं ती जागा) जुनी नोंद काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, मग नव्या नावाने शिरा.