असईची फौज रंगवायला घेण्याआधी

टेबलावर लढाई खेळायला बोटाएवढे शिपाई रंगवायचे, तर रंग, ब्रश, पाणी, जुनं फडकं हे सांगायला नको. पहिलं काम एकच: शिपाई बनवणाऱ्या ज्या ज्या कंपनीचा माल घ्यायचा, त्यांचा एकेक नग आणा आणि शेजारी-शेजारी उभा करा. दोन कंपन्यांच्या खोक्यांवर 28 मिमी, म्हणजे शिपायाची उंची, सारखीच लिहिलीय म्हणून मी हा उद्योग केला नाही. 1803 च्या इंग्रज-मराठे असईच्या लढाईसाठी 48 शिपाई रंगवून झाले, टेबलावर मांडले, आणि अर्धी पलटण उरलेल्यांच्या कानाला लागत होती.

28 मिमी कुठून कुठपर्यंत, यावर बनवणाऱ्यांचंच एकमत नाही. कोणी तळपायापासून डोळ्यापर्यंत मोजतो, कारण टोपीखाली टाळू सापडत नाही. कोणी टाळूपर्यंत. डोळ्यापर्यंत 28 असलेला गडी टाळूपर्यंत 30 भरतो. दोन मिमी किरकोळ वाटतात, पण खऱ्या माणसाच्या उंचीत ते साडेचार इंच होतात. आता माणसं उंच-ठेंगणी असतातच म्हणाल. बंदुका नसतात! इंग्रजांच्या इंडिया पॅटर्न मस्केटची नळी 39 इंच; ती 1/72 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या मापात, पावणेचौदा मिमी, 1/56 मध्ये (28 मिमीचे शिपाई साधारण याच मापाचे) पावणेअठरा मिमीच्या आसपास. म्हणून नग शेजारी उभे केलेत की नळीला पट्टी लावा. डोकी आणि पंजेही बघा, कारण उंची जुळूनही एकाचं डोकं नारळाएवढं निघतं. आणि बेस, म्हणजे पायाखालची चकती, काढून मोजा, जाड बेसवर बुटकासुद्धा रुबाबात उभा राहतो.

1/72 आणि 28 मिमी एका पलटणीत मिसळू नका, स्वस्त पडलं तरी. 15 आणि 6 मिमीचा संसार वेगळा. तिथे रंग एक छटा उजळ घ्या, नाहीतर हातभर अंतरावरून सगळी फौज काळपट मुंग्यांची रांग दिसते.

1/72 चं मऊ प्लास्टिक साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवा. नाहीतर संगिनीवरचा रंग पहिल्याच डावात पोपडे धरतो. स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) पावसाळ्यात नको म्हणजे नको. पुण्यात जुलैत गॅलरीत मारला तर वाळू चिकटवल्यासारखा खरखरीत बसतो. तेव्हा ब्रशनेच लावा.

लाल कोट इंग्रजांच्या दोन्ही हायलँडर (स्कॉटिश) पलटणींचा, 74 वी आणि 78 वीचा, पण कॉलर आणि कफ 74 वीचे पांढरे, 78 वीचे बफ, म्हणजे फिकट पिवळसर. हे आधी कागदावर लिहून ठेवा, रात्री अकराला आठवत नाही. समोरच्या बाजूला शिंद्यांचा युरोपियन सेनानी पोलमन याच्या कंपूंबरोबर (कवायती पलटणींबरोबर) तोफा भरपूर हव्यात; असई गावाजवळ 74 वीची चाळण करण्यात शिंद्यांच्या तोफांचा मोठा वाटा होता. तोफाही कोणत्या मापाच्या ते बघा. एक मागवा, गोलंदाजाशेजारी ठेवा, चाक त्याच्या छातीच्या वर जात नाही ना ते पाहा. होय, तोफेचाही आधी एकच नग.

पुढचं पटकन. रंगाचे दोन पातळ हात, एक जाड नाही. गडद वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), कडा उजळ, बेसला वाळू. मॅट वॉर्निश कोरड्या दिवशी, दमट हवेत पांढरं पडतं. झेंडे शेवटी.

आणि मोठी ऑर्डर अजून दिली नसेल तर थांबा. नग आले का? शेजारी उभे केले का?