‘हिदरटू’ वापरताना या चुका टाळा

इंग्रजीतील ‘हिदरटू’ हे क्रियाविशेषण बोलण्यात क्वचितच येते. पुण्यात ते आढळते भाडेकरारात, गृहनिर्माण संस्थेच्या पत्रव्यवहारात किंवा पीएचडीच्या प्रबंधात, आणि चुकतेही बहुधा तिथेच. त्याचा अर्थ ‘आजवर’. निवेदन भूतकाळातले असेल तर ‘तोवर’.

सर्वांत महागात पडते ते हा शब्द ‘यापुढे’ या अर्थाने योजणे. ‘द रेंट हिदरटू पेड’ म्हणजे आजवर भरलेले भाडे. परंतु ‘द लायसेन्सी विल हिदरटू पे’ या वाक्यातून काहीच निष्पन्न होत नाही, कारण ‘विल’ भविष्याबद्दल बोलते आणि ‘हिदरटू’ भूतकाळाबद्दल. तिथे ‘हेन्सफोर्थ’ हवे. दिसायला जवळचा ‘हियरटू’ तर निराळाच शब्द आहे: ‘अ‍ॅनेक्स्ड हियरटू’ म्हणजे या दस्ताला जोडलेले. टाइप करताना या दोहोंची अदलाबदल झाली, तर स्पेलिंग तपासणारी सोय ती दाखवत नाही, कारण दोन्ही स्पेलिंगे बरोबरच असतात.

याहून सूक्ष्म चूक अर्थच्छटेची आहे. ‘पुणे, हिदरटू अ म्युनिसिपॅलिटी, बिकेम अ म्युनिसिपल कॉर्पोरेशन इन १९५०’ या वाक्यात नगरपालिका तोवर होती, पुढे राहिली नाही. म्हणजेच ‘हिदरटू’ आले की ती स्थिती बदलली, किंवा बदलण्याच्या बेतात आहे, असे वाचक गृहीत धरतो. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात सापडलेले एखादे मोडी पत्र प्रबंधात प्रथमच छापले जात असेल, तर त्याला ‘हिदरटू अनपब्लिश्ड’ म्हणणे चपखल ठरते. मात्र पत्राचा नुसता उल्लेख करून ते अप्रकाशितच ठेवायचे असेल, तर ‘स्टिल अनपब्लिश्ड’ लिहावे. (हा दावा करण्यापूर्वी मंडळाच्या त्रैमासिकाचे जुने अंक चाळलेले बरे, परीक्षक ते चाळतातच.)

‘टिल हिदरटू’ ही द्विरुक्ती आहे, कारण ‘पर्यंत’ हा अर्थ त्या शब्दातच सामावलेला आहे. उच्चारही ‘हायदरटू’ नव्हे.

आणि सोसायटीच्या सचिवांना पाण्याच्या तक्रारीचे स्मरणपत्र लिहिताना हा शब्द व्याकरणाने बरोबर असला, तरी कानाला वकिली नोटिशीसारखा लागतो. तिथे साधे ‘सो फार’ लिहावे.