एसयूव्हीला ट्रेलर ब्रेक कंट्रोलर: कोणता घ्यावा, कसा बसवावा

गाडीचा ब्रेक लागला की ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकना करंट देतो तो डबा म्हणजे ट्रेलर ब्रेक कंट्रोलर. तो घेण्याआधी ट्रेलरच्या चाकामागे वाकून बघा. ड्रमच्या मागच्या पत्र्यातून दोन वायर बाहेर आलेल्या दिसल्या तर ब्रेक इलेक्ट्रिक आहेत. वायरऐवजी रॉड किंवा केबल पुढे कपलिंगपर्यंत (ट्रेलर गाडीला अडकतो तिथपर्यंत) गेलेली असेल तर ते ओव्हररन ब्रेक. गाडी थांबायला लागली की ट्रेलर मागून रेटतो आणि त्या रेट्यानेच ते लागतात. कंट्रोलरचं तिथे काही काम नाही. आणि मागे काहीच नसेल तर आधी ब्रेकवाला एक्सल बसवावा लागेल.

खाडीत किंवा समुद्रात होडी उतरवायला ट्रेलर घेत असाल तर इलेक्ट्रिक ड्रमच्या वाटेला जाऊच नका. खाऱ्या पाण्यात बुडून आलेले चुंबक (करंट मिळाला की ब्रेक लावणारे) आणि शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) लवकर गंजतात. त्यासाठी हायड्रॉलिक डिस्क आणि ती चालवणारा ट्रेलरवरचा इलेक्ट्रिक पंप बरा. हा पंप सगळ्या कंट्रोलरांवर चालत नाही. मॅन्युअलमध्ये ‘इलेक्ट्रिक ओव्हर हायड्रॉलिक’ला चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच तो कंट्रोलर घ्या.

मीटर लावून बघा

दहा-बारा इंची ड्रममधल्या एका चुंबकाचा रोध साधारण ३ ते ४ ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टला एक चाक ३ ते ४ अँपिअर घेतं. ट्रेलरचा प्लग सोडा, ब्रेकची पिन आणि अर्थची पिन यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. दोन चाकांना दीड ते दोन ओहम, चार चाकांना पाऊण ते एक ओहम यायला हवा. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून काय येतं ते पाहा आणि तेवढं वजा करा. एवढ्या छोट्या आकड्यात तारेचा स्वतःचा रोधही गडबड करतो. दोन चाकांच्या ट्रेलरला साडेतीन आले तर एका चाकाची वायर तुटली आहे. शून्याच्या आसपास आलं तर कुठेतरी वायर सोलून बॉडीला टेकली आहे. हे दुरुस्त केल्याशिवाय नवा कंट्रोलर जोडू नका.

कोणता घ्यावा

स्वस्तात मिळतो तो टाइम-डिलेवाला. तुम्ही पेडल हळू दाबा की जोरात, तो आपल्या ठरलेल्या चालीनेच करंट वाढवत नेतो. घोडबंदर रोडवर कासारवडवली ते गायमुख पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना दर थांब्याला मागून हिसका बसतो, आणि खरंच जोरात थांबायचं असेल तेव्हा ट्रेलर उशिरा थांबतो. प्रपोर्शनल कंट्रोलर गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतोय ते मोजून तेवढाच ब्रेक मागे देतो. थोडे जास्त पैसे गेले तरी हाच घ्यावा. टाइम-डिलेवाला सपाट रस्त्यावरच्या हलक्या ट्रेलरपुरता ठीक.

प्रपोर्शनलमध्येही जुन्या धाटणीच्या मॉडेलांत लंबक असतो. घाट उतरताना गाडीचं नाक खाली जातं, लंबक पुढे झुकतो आणि ब्रेक गरजेपेक्षा जास्त लागतात; चढावर याच्या उलट. बोरघाट किंवा माळशेजचं जाणं-येणं असेल तर इलेक्ट्रॉनिक सेन्सरवालाच बघा.

नुसते ट्रेलरचे ब्रेक लावणारं बटण किंवा लिव्हर हवंच. एक्सप्रेसवेवर मोठा कंटेनर शेजारून गेला की त्या वाऱ्याने ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबला तर मागचा भार आणखी रेटतो. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ ठेवा, लिव्हर हलकेच दाबा. ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. म्हणून हे बटण पुढे न वाकता हाताशी यायला हवं. डॅशबोर्डखाली जागा कमी असेल तर मुख्य डबा आत लपवून फक्त नॉब बाहेर ठेवायचा प्रकार सोयीचा.

सामान

वायरमध्ये काटकसर नको. एका एक्सलला ४ स्क्वेअर एमएम, दोन एक्सलला ६. कंट्रोलरपासून मागच्या सॉकेटपर्यंत साधारण ६ मीटर वायर जाते. चार चाकांचे १५ अँपिअर त्यातून गेले तर दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीत जवळपास १.१ व्होल्ट वाटेतच जिरतो, ६ च्या वायरीत ०.३ च्या आतबाहेर. एक व्होल्ट गेला म्हणजे चुंबकाची ओढ तेवढी कमी, आणि लोक दोष देतात कंट्रोलरला.

बॅटरीजवळ आपोआप रीसेट होणारा ब्रेकर बसवा: एका एक्सलला २० अँपिअर, दोन एक्सलला ३०. साधा फ्यूज उडाला तर तो बदलेपर्यंत मागे ब्रेकच नाहीत, आणि ते कळतं उतारावर. याशिवाय तांब्याच्या थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या), आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायची कडी) आणि नळीदार स्लीव्ह. स्लीव्ह फक्त दिसायला नाही. सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर उघडी वायर एका रात्रीत कुरतडतात. काळी चिकटपट्टी बॉनेटखाली वापरू नका. उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो आणि पट्टी सुटून लोंबते.

जोडणी

आधी बॅटरीचं ऋण टोक काढा. एअरबॅगची वायरिंग बहुतेक पिवळ्या आवरणात असते, तिला हात लावू नका. काही गाड्यांत ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोरही एअरबॅग असते. तिथे स्क्रू मारायचा नाही.

कंट्रोलरच्या चार वायर असतात. काळी ब्रेकरमधून बॅटरीच्या धन टोकाला. पांढरी अर्थला, ऋण टोकावर करंट सेन्सर बसवलेला असेल तर टर्मिनलवर न जोडता बॉडीवरच्या कंपनीच्या अर्थ पॉइंटला, रंग खरवडून. निळी मागे सॉकेटला. राहिली लाल. निम्म्या चुका तिथेच होतात.

लाल वायरला ब्रेक लाइटचा सिग्नल हवा असतो. पेडलजवळच्या स्टॉप स्विचला हल्ली अनेक गाड्यांत दोन वायर नसतात, चार असतात. दोन दिव्यांच्या, दोन ईसीयूच्या (गाडीच्या कॉम्प्युटरच्या). बॅटरी परत जोडून मीटरने शोधा: पेडल सोडलेलं असताना शून्य आणि दाबल्यावर १२ व्होल्ट दाखवते ती आपली. आता हेडलाइट लावा, इंडिकेटर लावा, इग्निशन बंद-चालू करा; पेडलला हात न लावता तिच्यावर व्होल्टेज आलं तर ती चुकीची. कायम १२ व्होल्ट असलेली बाजू पकडली तर कंट्रोलरला वाटतं पाय सतत पेडलवर आहे. पार्किंग लाइटची पकडली तर अंधार पडल्यावर ट्रेलर ओढायला जड होतो. ईसीयूची पकडली तर क्रूझ कंट्रोल बंद पडतो किंवा मीटरवर दिवे पेटतात. वायर सापडली की ऋण टोक पुन्हा काढा. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापू नका. मॉडेलला जुळणारा प्लग-इन हार्नेस मिळत असेल तर तोच घ्या.

वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून) नेताना ग्रोमेट घालाच, आणि स्टिअरिंगचा दांडा, पेडल, सायलेन्सर यांपासून दूर ठेवा. डबा मॅन्युअलमध्ये दिलेल्या कोनात आणि पुढच्या दिशेला सरळ बसवा. तिरका बसला तर सेन्सरचं गणित चुकतं.

सॉकेटच्या बाबतीत रंगावर विश्वास नको. ऑस्ट्रेलियन सात पिनांत निळी ब्रेकची, पाचव्या पिनवर. युरोपियन सात पिनांत निळी फॉग लॅम्पची, आणि पाचवी पिन उजव्या टेल लॅम्पची. गाडीचं सॉकेट एका देशाचं आणि ट्रेलरचा प्लग दुसऱ्या देशाचा असेल तर बसतं सगळं, पण पेटतं भलतंच. प्रत्येक पिन दोन्ही बाजूंनी मीटरने तपासा आणि कागदावर लिहून तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.

सेटिंग

ट्रेलर नेहमीच्या वजनाने भरा. रविवारी सकाळी रबाळे किंवा वागळे इस्टेटमधला रिकामा, सपाट, कोरडा रस्ता गाठा. गेन (ट्रेलरला किती जोराने ब्रेक द्यायचा ते ठरवणारी कंट्रोलरवरची सेटिंग) मधोमध ठेवा, ताशी ४० किलोमीटरला या आणि लिव्हर पूर्ण दाबा. ट्रेलरने गाडी स्पष्ट मागे खेचली पाहिजे, पण चाकं घसरता कामा नयेत. बाहेर एक माणूस चाकांकडे बघायला उभा करा. आत बसून ते कळत नाही. चाकं जाम होईपर्यंत गेन थोडा थोडा वाढवा, मग एक पायरी खाली आणा. पावसात किंवा ट्रेलर रिकामा असताना गेन आणखी खाली. शू नवे असतील तर वीस-तीस ब्रेकनंतर हे पुन्हा करा, कारण ते बसले की पकड वाढते. घरी आल्यावर हात ड्रमजवळ न्या: एकच ड्रम तापलेला असेल तर त्याची ॲडजस्टमेंट घट्ट आहे, एकच गार असेल तर त्याची वायर बघा.

ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचला ट्रेलरवरच स्वतःची चार्ज केलेली बॅटरी लागते. पिन ओढून तपासताना मुख्य प्लग आधी काढा, नाहीतर तोच करंट उलटा कंट्रोलरमध्ये शिरून तो जाळतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते, गाडी एमएच-०४ असो की एमएच-४३. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याच्या वजनाचे दोन आकडे असतील, ब्रेकसह आणि ब्रेकशिवाय. त्यातला ब्रेकसहचा आकडा हे सगळं चालू असेल तरच तुमचा.

पावसाळा संपला की सॉकेट उघडा. पिनांवर हिरवट बुरा चढलेला दिसेल. बारीक पॉलिश पेपरने घासा, डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, ओल रोखणारं) लावा, आणि झाकणाचं तोंड खाली राहील असं सॉकेट फिरवून बसवा, म्हणजे आत गेलेलं पाणी निथळतं.